माहेरची पेटी

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं म्हणतात. मधवाल्याचं दुखणं मात्र माशीच्या पावलानं आलं. आलं तेव्हा त्याला कळलंही नाही, कारण त्याच्या भोवती आधीच इतक्या माशा होत्या की त्यात एखादी जास्त झाली तर लक्षात कोण घेतो.

सूर्यफुलं नुकती उमलायला लागली होती. टेकडीच्या उतारावर, दगडी बांधाच्या आडोशाला, त्याच्या पेट्या ओळीनं मांडलेल्या होत्या. ऊन चढलं की पेट्यांच्या तोंडाशी माशांची ये-जा सुरू व्हायची आणि तो आवाज सगळ्या उतारावर पसरायचा. त्या आवाजात मधवाला उभा राहिला की त्याला वेळेचं भान राहायचं नाही. बायको खालून हाक मारून मारून थकायची. यंदा तर सगळंच जरा जास्त स्वप्नासारखं दिसत होतं. फुलांचा पिवळा रंग पुष्कळदा धुतलेल्या कापडासारखा फिका वाटायचा. पलीकडची झाडं भर दुपारी धुक्यात उभी असायची. आणि या सगळ्यातून एक काळी माशी, कुठं जायची घाई नसल्यासारखी, तिरकी तरंगत खाली यायची. तो हात हलवायचा. ती बाजूला सरकायची आणि पुन्हा यायची.

"जाळीत शिरलीय एक," तो सूनबाईला म्हणायचा.

सूनबाई हातातलं, माशांना धूर द्यायचं धुराडं खाली ठेवून त्याच्या टोपीची जाळी चहूबाजूंनी बघायची. "काही नाही, मामंजी."

"मग जाळीच मळलीय."

जाळी धुतली. पुन्हा धुतली. धुऊन धुऊन तिचा काळा रंग राखाडी झाला, तरी डाग जाईना. मग त्याला वाटलं, भोक पडलंय. बायकोनं जाळी उजेडात धरली, बोटं घालून तपासली आणि परत त्याच्या हातात दिली. "जाळीला भोक नाही. तुमच्या डोक्याला असेल तर बघा." सगळे हसले, तोही हसला. हसण्यावारी नेलं की पुष्कळ गोष्टी काही दिवस गप्प बसतात.

साखरेचा आजार त्याला कैक वर्षं होता. पण तो म्हणायचा, आजार कसला, नावाला आहे. गोळ्या डब्यात होत्या आणि डबा फळीवर होता. आठवण झाली तर घ्यायच्या. चहा बिनसाखरेचा प्यायचा, तो चारचौघांत. पेटी उघडली की मात्र प्रत्येक पेटीच्या मधात बोट बुडवून चाखायचा, कारण मध न चाखणारा मधवाला म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. दवाखान्यातली बाई दर खेपेला बजावायची, वर्षातून एकदा डोळे दाखवून या. "डोळे? टेकडीवरून माणूस ओळखतो मी," असं म्हणून तो उठायचा. ओळखायचा, हे खरं होतं. पण तो चालीवरून ओळखायचा, आणि ते त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तर त्या आठवड्यात माहेरची पेटी तपासायची होती.

या पेटीला घरात असं नाव होतं. बायको लग्न होऊन आली तेव्हा गाडीत तिच्या मांडीवर ही पेटी होती, तोंडाला कापड बांधलेली. तिच्या वडलांनी दिलेली. वाटभर माशा आत गुणगुणत होत्या आणि नवरी रडायची विसरून पेटीला कान लावून बसली होती, ही गोष्ट मधवाला अजून सांगायचा. लाकूड कितीदा बदललं, पण आतलं घराणं तेच राहिलं. राणी म्हातारी झाली की तिचीच लेक राणी व्हायची. बाहेरची राणी या पेटीत कधी घातली नाही. भांडण झालं की बायको म्हणायची, "या घरात माझं म्हणून एवढंच आहे." मग तो गप्प बसायचा, कारण ते खरं होतं.

सूनबाईनं धुराड्याचा भाता दाबला. पांढरा धूर पेटीवरून वाहत गेला. मुलगा ट्रक घेऊन महिना महिना लांब असायचा, त्यामुळे मधवाल्याच्या हाताखाली आता हीच होती. हात हलका, बोलणं कमी. त्यानं झाकण काढलं, आतल्या पोळ्याची मधली चौकट अलगद उचलली, आणि रोजच्या सवयीनं सूर्याकडे पाठ करून उभा राहिला, म्हणजे ऊन खांद्यावरून थेट पोळ्याच्या घरात पडतं. राणी प्रत्येक वेळी सापडतेच असं नाही. पण घरांच्या तळाशी तिनं घातलेली अंडी दिसली की ती आहे असं समजायचं. अंडं म्हणजे केवढं, तर सुईच्या टोकानं पांढरी रेघ काढावी एवढं.

त्यानं पाहिलं. घरं दिसली, त्यांच्या कडा दिसल्या. तळाशी काहीच दिसेना. चौकट तिरकी केली. डोळ्यांपुढून ती काळी माशी सावकाश गेली. दुसरी चौकट काढली. तिच्यातही तळाला नुसता पिवळसर अंधार होता.

आणि इथंच जे व्हायला नको होतं ते झालं. राणी गेलेली पेटी उघडली की माशा शांत बसत नाहीत. त्या एका सुरात आक्रोश करतात, आणि तो एकदा ऐकला की माणूस विसरत नाही. ही पेटी तसं काही करत नव्हती. कामात रमलेली बाई तोंडातल्या तोंडात गुणगुणते तशी ती गुणगुणत होती. मधवाल्यानं ते ऐकलं. नीट ऐकलं. पण कानांचं खरं मानायचं तर डोळे खोटे ठरत होते, आणि तेवढं त्याच्यानं होईना.

"राणी गेली," तो म्हणाला.

सूनबाई त्याच्या खांद्यामागून बघत होती. "मामंजी, मला वाटतं तळाशी—"

"धूर दे. वाटून काय होतंय? अंडी डोळ्यांना दिसावी लागतात."

तिनं धूर दिला.

राणी नसलेली पेटी तशीच ठेवली तर संपते. ती शेजारच्या पेटीत मिळवायची असते. मधवाल्यानं खालच्या भक्कम पेटीचं झाकण काढलं, तिच्यावर वर्तमानपत्राचं एक पान अंथरलं आणि त्यावर तळाची फळी काढलेली माहेरची पेटी ठेवली. दोन्हीकडच्या माशा तो कागद कुरतडत राहतात. कुरतडून होईपर्यंत एकमेकींचा वास ओळखीचा होतो, आणि कागद फाटला की दोन घरांचं एक घर होतं. युक्ती चांगली आहे, पण एका बाजूला राणी नसेल तरच. दोन्हीकडे राणी असेल तर एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. हे सगळं त्याला पाठ होतं. त्यानं पानाच्या कडा सारख्या केल्या, हात झटकले, आणि उतरताना बांधाच्या दगडाला ठेचकाळला.

संध्याकाळी अंगणात बायको वाळलेले कपडे काढत होती. त्यानं सांगितलं, तुझी राणी गेली, पेटी मिळवून टाकली. ती चादर अर्धी घडी करून तशीच उभी राहिली.

"मिळवली? मला न विचारता?"

"राणीच नाही तर विचारायचं काय?"

"एक शब्द. तेवढा मान त्या पेटीचा होता." तिनं सूनबाईकडे पाहिलं. "तू होतीस ना गं तिथं?"

"होते," सूनबाई म्हणाली आणि राहिलेले कपडे गोळा करायला वळली.

बायकोनं चादरीची घडी पुरी केली, मग आणखी एकदा केली, आता घालण्यासारखी घडी उरली नाही इतकी लहान. तिला रडू येत होतं आणि माशीसाठी रडायची लाजही वाटत होती. थोड्या वेळानं ती आतून नव्या जाळीचं कापड घेऊन आली आणि उजेड होता तोवर उंबऱ्यात बसून नवऱ्याच्या टोपीला ते शिवत राहिली. राग आला की तिच्या हातून कामं जास्त होत.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. वारं गार सुटलं. अशा दिवशी माशा बाहेर पडत नाहीत. सगळा उतार मुका झाला होता, फुलं माना खाली घालून होती. बायको नवी जाळी आणि चहा घेऊन वर आली, तेव्हा मधवाला बांधावर एकटाच बसला होता. टोपी शेजारी पडलेली. तो तोंडापुढं हात हलवत होता, अगदी सावकाश, कुणाला निरोप दिल्यासारखा.

ती जरा वेळ नुसती पाहत राहिली.

"काय हाकलताय?"

"माशी."

"आज एकसुद्धा माशी बाहेर नाही. आणि जाळीही नाही तुमच्या तोंडावर."

त्याचा हात हवेतच थांबला. त्यानं आभाळाकडे पाहिलं. राखाडी आभाळावर ती माशी स्पष्ट होती, पायांचा धागा लोंबत असलेली. तो डावीकडे बघायचा, तशी तीही डावीकडे जायची, जरा उशिरानं.

बायकोनं चहा दगडावर ठेवला. आपला तळवा त्याच्या उजव्या डोळ्यावर धरला. तळव्याला साबणाचा वास होता. "आता आहे?"

"आहे."

तिनं हात डाव्या डोळ्यावर नेला. "आता?"

त्यानं आभाळभर डोळा फिरवला. "नाही," शेवटी म्हणाला.

"म्हणजे ती बाहेर नाहीच. तुमच्या डोळ्यात आहे." ती त्याच्या शेजारी बसली. "कधीपासून?"

"सूर्यफुलं पेरली त्याच्याही आधीपासून."

"आणि मला जाळ्या धुवायला लावल्यात."

तो हसला नाही. त्याला भीती वाटत होती. एवढ्या माशा अंगावर घेऊन हा माणूस कधी घाबरला नव्हता, आणि आता न डसणाऱ्या एका माशीनं त्याला गाठलं होतं. उतार, फुलं, पेट्या, हे सगळं हळूहळू धुक्यात जाऊन मागं फक्त आवाज उरेल, असं चित्र त्याच्यापुढं उभं राहिलं. चहा निवून गेला. "उद्याच जायचं," बायको म्हणाली, आणि त्यानं मान हलवली. त्या पेटीबद्दल काहीतरी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण एका दिवसात माणूस किती कबूल करणार. तो गप्प राहिला.

बायकोच्या गुडघ्याला बसचा प्रवास सोसत नव्हता, म्हणून सूनबाई बरोबर गेली. डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसवून त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, पुन्हा घातले. भिंतीवरची अक्षरं आधीच पातळ होती, ती आता विरघळून गेली. मग हनुवटी टेकवायला लावून, लख्ख उजेड पाडून डोळ्यांच्या आतले फोटो काढले. डॉक्टरबाईंनी पडदा त्याच्याकडे वळवला. नारिंगी गोल, त्यावर लाल फांद्या, मध्ये मध्ये बारीक लाल ठिपके आणि काही पिवळे शिंतोडे. उन्हात धरलेल्या चौकटीसारखंच दिसतं की, असं त्याला वाटलं.

"हे ठिपके साखरेमुळे," त्या म्हणाल्या. "बारीक रक्तवाहिन्या पाझरतात. इथं मधोमध सूज आहे, म्हणून बारकं दिसत नाही. डाव्या डोळ्यात थोडंसं रक्त उतरलंय. तुम्ही माशी म्हणता ती तीच."

"आंधळा होणार का मी?"

"आत्ता सुरुवात आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, आणि साखर आटोक्यात ठेवायची ती तुम्ही. गेलेलं सगळं परत येईल असं वचन मी देत नाही. पण जे आहे ते राखता येईल." त्यांनी वर पाहिलं. "बारीक काम करता का? नीट दिसत नसताना दिसतंय असं समजून काही करू नका. कुणालातरी विचारा."

परतीच्या बसमध्ये त्यानं दवाखान्यातून दिलेला काळा चष्मा लावला होता, तरी जग पांढरंफेक होतं. खिडकीबाहेरून शेतं नुसत्या उजेडाच्या लाटांसारखी जात होती. ऊन पुन्हा पडलं होतं. त्यानं खिडकीला डोकं टेकलं. त्या पांढऱ्या उजेडात त्याला मांडीवर पेटी घेतलेली एक नवरी दिसली, आणि पेटीतून येणारं ते सारखं, निवांत गुणगुणणं ऐकू आलं. तेच परवाचं. तो ताठ बसला.

"सूनबाई, त्या दिवशी चौकटीत तू काय पाहिलंस?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "अंडी होती, मामंजी. पुष्कळ होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलत होते. तुम्ही धूर मागितलात." मग हळूच म्हणाली, "तुम्ही नाही म्हटल्यावर मला वाटलं, माझंच बघणं चुकलं. म्हणून आईंनाही सांगितलं नाही."

बस प्रत्येक थांब्यावर थांबत होती, आणि तिकडं टेकडीवर कागद कुरतडला जात होता.

घरी पोचल्यावर तो आत गेलाच नाही. सूनबाईचा खांदा धरून थेट उतार चढला, बायकोला हाक मारली. ती गुडघा दाबत वर आली. "काय म्हणाले डॉक्टर?"

"ते सांगतो. आधी हे." तो पेटीजवळ उभा राहिला. काळ्या चष्म्यामुळं त्याचे डोळे दिसत नव्हते. "तुझी राणी गेली नव्हती. त्या दिवशी ती पेटीत होती. मला अंडी दिसली नाहीत. माशा सांगत होत्या, सूनबाई सांगत होती, पण दिसत नाही असं म्हणायची मला लाज वाटली."

बायकोनं खाली पडलेलं धुराडं उचललं आणि स्वतःच पेटवायला घेतलं.

वरची पेटी सूनबाईनं आणि त्यानं मिळून उचलली. कागदाची एक बाजू जाळीसारखी झाली होती, आणि कोपऱ्यात हात जाईल एवढं भोक होतं. त्यानं कान दिला. खालची पेटी शांत होती. वरच्या पेटीचं झाकण काढलं मात्र, आणि आतून तो आक्रोश उठला. लांबलचक, एका सुरातला. बायकोनंही तो ओळखला. माहेरी लहानपणी तिनं तो ऐकलेला होता.

"गेली," ती म्हणाली.

मधवाला मटकन बांधावर बसला. माणूस गेल्यावर बसतात तसा बसला. बायको त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दिसत नव्हतं तर मला विचारायचं होतं. हसले असते फार तर." यापेक्षा ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

मग तिनंच सूनबाईला विचारलं, "अंडी आहेत का अजून?"

सूनबाईनं मधवाल्याकडे पाहिलं. इतकी वर्षं चौकट त्याच्याच हातानं निघायची. त्यानं चौकट सोडवायचं हत्यार तिच्यापुढं धरलं. "काढ. सूर्याकडे पाठ कर. घाई करू नको."

तिनं चौकट काढली. माशा तिच्या मनगटावरून चालत होत्या. ती वाकून पाहत राहिली, आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, जे त्याला नुसतं उजेडातल्या डागासारखं दिसत होतं.

"काय दिसतं?"

"आहेत. बारीक, पांढरी."

"उभी आहेत का आडवी?"

"काही आडवी पडलीत. काही उभी आहेत, मामंजी. ताठ उभी."

उभं अंडं म्हणजे ताजं. एका दिवसाचं. म्हणजे काल, तो बांधावर बसून आपल्या डोळ्यातली माशी हाकलत होता, बायको त्याच्या शेजारी बसली होती आणि तो गप्प राहिला होता, तेव्हा राणी पेटीत जिवंत होती आणि आपलं काम करत होती. एक शब्द काल बोलला असता तर ती वाचली असती. हे त्याला कळलं, आणि बायकोच्या हातातला भाता थांबला त्यावरून तिलाही कळल्याचं समजलं. दोघांनीही ते तोंडानं म्हटलं नाही. मरेपर्यंत म्हणणार नव्हते.

"ताजी अंडी असली की त्यातूनच तिची लेक राणी होते," बायको म्हणाली. "ठेवा ही पेटी परत तिच्या जागेवर."

त्यानंतरचे दिवस हळू गेले. त्याच्या डोळ्यात सुई टोचली, तेव्हा त्यानं सूनबाईचा हात इतका दाबून धरला की ती नंतर चेष्टा करायची, माशी चावली म्हणून कधी ओरडला नाहीत, आणि एका सुईला एवढे घाबरलात. गोळ्यांचा डबा फळीवरून बायकोच्या ताब्यात आला. मधातलं बोट बंद झालं. पहिल्यांदा त्याला ते फार जड गेलं, आणि उघडलेल्या पेटीपुढं तो हात मागं बांधून उभा राहायचा, शिक्षा झालेल्या पोरासारखा. धुकं एखादे दिवशी विरायचं, एखादे दिवशी परत यायचं. काळी माशी अजून होती. तो तिला आता हाकलत नव्हता.

माशांनी त्या उभ्या अंड्यांतल्या काहींना निवडलं. चौकटीच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीची लांबट घरं लोंबू लागली. सूनबाई रोज सांगायची, तो ऐकायचा, कधी तिनं त्याचं बोट धरून त्या घरावर अलगद टेकवलं.

एका संध्याकाळी ऊन उतरताना तो पेटीशेजारी बसला होता. कान सहज लाकडाला लागला. आतल्या गुणगुणण्यातून एक बारीक आवाज वर आला. तूऽत, तूत, तूत. लहान पिपाणी कुणी उशीखाली वाजवावी तसा. नवी राणी घराबाहेर पडली की असा आवाज करते. त्यानं बायकोला हाक मारली, हळू, माशांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू, तरी ती आली.

गुडघा दुखत असूनही ती खाली बसली आणि पेटीला कान लावला. दोघांची तोंडं एकमेकांसमोर, मध्ये पेटी. उतारावर पिवळा उजेड पसरला होता, त्याच्या लेखी जरा फिका, तिच्या लेखी पुरता पिवळा. तिचे डोळे मिटलेले होते. किती तरी वेळ ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली. सूनबाईनं धूर दिला, मग धुराडं सासूच्या हातात दिलं आणि चौकट उचलली. बायको टाचा उंचावून बघायला लागली, पण इतक्या माशांत तिला काही ओळखू येईना.

"अहो, दिसते का हो तुम्हाला? कशी आहे?"

"मला नाही दिसत," मधवाला म्हणाला, पाणी मागावं इतक्या सहज. "सूनबाई, तू बघ आणि आम्हाला सांग."